मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल आणि माझी एक चूक



दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. एका मुलीने विचारलं, "बाई, दगडाला फूल कसं काय येतं?" तिच्या आईने गोडा मसाला करताना दगडफूल भाजायला काढलं होतं, तिथून हा प्रश्न आला. मी क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं, "अगं, ते फूल नाही, ते शेवाळ असतं." फळ्यावरही तसंच लिहिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

ते चुकीचं होतं, हे मला त्याच पावसाळ्यात राजगडाच्या पायथ्याशी कळलं.

आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या शिक्षिकाच, पावसाळा सरता सरता एखाद्या रविवारी डोंगराच्या पायथ्याने फिरतो. गड चढायचाच असा हट्ट नसतो. गुंजवणे गावातून निघायचं, ओढ्याच्या आणि शेताच्या कडेने हिंडायचं, दिसेल त्याचे फोटो काढायचे आणि दुपारी गावात पिठलं-भाकरी. आमच्यातली एक जण वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. तिच्या पिशवीत श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक कायम असतं. एका खडकावर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसले, तेव्हा मी सहज म्हटलं, "काय छान शेवाळ आहे!" ती हसली आणि म्हणाली, "घरी रोज आमटीत घालतेस की हे!"

दगडफुलाला मराठीत शैवाक किंवा धोंडफूल म्हणतात, इंग्रजी नाव लायकेन. ही एक वनस्पती नाहीच. ते दोन जिवांचं एकत्र घर आहे. एक कवक, म्हणजे बुरशीच्या कुळातलं, आणि दुसरं शैवल. काही जातींत शैवलाऐवजी नीलहरित जीवाणू असतात. कवक घर बांधतं, ओलावा धरून ठेवतं, दगडाला किंवा सालीला चिकटून राहतं. शैवल आत बसून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि दोघांचं भागतं. १८६० च्या दशकात श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने हे मांडलं, तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. मग माझी चूक काही जगावेगळी नव्हती, अशी मी आपली मनाची समजूत घातली!

मुलांना तीन प्रकार सहज ओळखता येतात. रंगाचा डाग पडावा तसं दगडाला घट्ट बसलेलं, नखाने न निघणारं. पानासारखं पसरलेलं, कडा थोड्या उचललेल्या असतात ते. मसाल्यातलं दगडफूल यातलंच. आणि तिसरं दाढीसारखं लोंबणारं किंवा छोट्या झुडपासारखं. पालक हमखास विचारतात, "झाडावर हे आलं म्हणजे झाडाला रोग झाला का?" नाही. शैवाक झाडाचा रस शोषत नाही, त्याला फक्त बसायला जागा हवी असते.

त्याला मुळं नाहीत. पाणी आणि क्षार पाऊस-हवेतूनच घेतं, त्यामुळे हवेतली घाणही आत जाते. १८६६ मध्ये नायलँडर यांनी पॅरिसमधल्या एका बागेतली शैवाकं पाहून लिहून ठेवलं, की हवा किती शुद्ध आहे ते यांच्यावरून कळतं. आपल्या शाळेच्या आवारातल्या झाडांची खोडं आणि गावाबाहेरच्या झाडांची खोडं मुलांना शेजारी शेजारी बघायला लावा. खर्च शून्य. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांवर कित्येक वर्षं काम झालेलं आहे. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातलाच आहे.

आता फुलांकडे वळते, कारण दुसरी चूक तिथे आहे आणि ती जास्त मोठी आहे. मी दरवर्षी 'रानफुलांची चिकटवही' हा प्रकल्प देत असे. प्रत्येकाने दहा फुलं आणायची, वाळवून चिकटवायची. बत्तीस मुलं, म्हणजे तीनशेवीस फुलं. तेरडा, सोनकी आणली तर फारसं बिघडत नाही. दोन्ही ढिगाने उगवतात, आणि तेरड्याची गौर तर आपण घरात आणतोच. पण एका वहीत मला पांढरी आमरी, म्हणजे जमिनीवर येणारं ऑर्किड, कंदासकट चिकटवलेली दिसली. मुलाने मोठ्या कौतुकाने उपटून आणली होती. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि ते रुजायला विशिष्ट बुरशीची सोबत लागते. कंद गेला की त्या जागी पुन्हा येईलच याची खात्री नाही. आणखी एकाने कळलावी आणली होती. फूल ज्वाळेसारखं सुंदर, पण झाड विषारी, कंद तर फारच. पोराने हात न धुता डबा खाल्ला असता तर? त्या वर्षी मी त्याला दहा पैकी नऊ गुण दिले होते, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

आता चिकटवही बंद. फोटोवही सुरू. सगळ्यांकडे फोन नसतो, म्हणून पाच-सहा मुलांच्या गटाला पालकांपैकी एकाचा फोन. ज्यांना जमतं ते चित्रच काढतात आणि खरं सांगू, ते फोटोपेक्षा नीट बघतात.

फोटोबद्दल आम्ही चुकत चुकत शिकलेलं सांगते. उभं राहून वरून फोटो काढू नये, फुलाच्या उंचीला बसावं. पण बसण्याआधी खाली काय आहे ते बघावं. माझ्या गुडघ्याखाली एकदा सीतेची आसवं चिरडली होती. (ही इवलीशी जांभळी फुलं कीटकभक्षी झाडाची. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव अडकतात. मुलांना हे फार आवडतं.) एका फुलाचे निदान चार फोटो हवेत: लांबून पूर्ण झाड, पान, फूल समोरून आणि फूल मागून. नुसत्या फुलावरून तज्ज्ञालाही नाव सांगता येत नाही. तेरड्याची मागची शेपटी मागूनच दिसते. सोनकीसारखी पिवळी फुलं उन्हात नुसता पिवळा गोळा येतात, तेव्हा पडद्यावर फुलाला बोट लावून उजेड कमी करावा. ढगाळ हवा सगळ्यात चांगली. वारा असेल तर मैत्रिणीने ओढणीचा आडोसा धरावा.

दगडफुलाचा फोटो मात्र सकाळच्या तिरप्या उजेडात काढा, सुरकुत्या उठून दिसतात. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर रंगही हिरवा दिसतो, कारण ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवल दिसायला लागतं. शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. आम्ही एका खडकावरच्या चिकट प्रकारच्या गोल डागाचा दर पावसाळ्यात पट्टी लावून फोटो काढतो. दोन वर्षांत तो दोन-तीन मिलिमीटर सरकला असेल. गावातल्या एक मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, तो धोंडा आमच्या सासूच्या काळापासून असाच हाय." मग हातातलं खरवडून न्यायचं मन होईना.

वर्गासाठी तोडायची गरजही नाही. दुकानातलं दगडफूल वाटीभर पाण्यात टाका. कडकडीत तुकडा थोड्या वेळात मऊ पडतो. वरची बाजू करडी, खालची काळी, भिंगातून कडेच्या घड्या दिसतात.

मी हे वर्गात केलं ते चूक कळल्यानंतरच्या सोमवारी. आधी मुलांना वह्या उघडायला लावल्या आणि माझं जुनं वाक्य खोडायला सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही पण चुकता?" जिने प्रश्न विचारला होता, ती मुलगी वाटीवर वाकून बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "यातलं कोण कवक आणि कोण शैवल, हे वेगळं करता येईल का?" प्रयोगशाळेत ते करता येतं, पण आपल्या वाटीत नाही, एवढं तिला सांगितलं. ती आता सहावीत आहे. परवा रस्त्यात भेटली तेव्हा तिने आईच्या फोनमधला, घरामागच्या आंब्याच्या खोडाचा फोटो दाखवला. शेजारी पट्टी ठेवलेली होती.