निंबोळी अर्क अळीला कसा रोखतो?

नाशिक जिल्ह्यात कांद्यावरचे फुलकिडे आणि टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी शेतकऱ्याची पाठ सोडत नाहीत. अशा किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क हा स्वस्त आणि घरचा उपाय आहे.

● मुख्य घटक : ॲझाडिरेक्टिन. १९६८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तो निंबोळीच्या बियांतून वेगळा केला.

● एन्झाइमवर परिणाम : कात टाकण्यासाठी अळीला एकडायसोन हे संप्रेरक लागते. त्याला कार्यक्षम रूप देणारे एन्झाइम ॲझाडिरेक्टिनमुळे मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आतड्यातल्या पाचक एन्झाइमचे कामही घटते. अळीचे खाणे कमी होते, वाढ खुंटते, काही अळ्या अर्धवट निघालेल्या कातीतच मरतात.

● कृती : वाळलेल्या निंबोळ्यांची ५ किलो पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने पिळून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून घाला आणि एकूण द्रावण १०० लिटर करा.

● वेळ : उन्हाने घटक लवकर विघटित होतो, म्हणून सायंकाळी फवारा. असर हळूहळू होतो. अळ्या लहान असतानाच फवारणी उरका.

● काळजी : अर्क त्याच दिवशी संपवा. मधमाश्या फुलांवर असताना फवारू नका.