चाकाचं धनुष्य

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येची पाच सुवर्णपदकं होती. ऑक्टोबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात भारतानं ती पाचही पटकावली. विजयवाड्याची ज्योती सुरेखा वेन्नम आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी प्रत्येकी तीन सुवर्णं जिंकली. पुरुष संघात ओजस आणि अभिषेक वर्मासोबत बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं महिला संघातून सुवर्ण आणि एकेरीत कांस्य मिळवलं. तरीही या प्रकाराबद्दल एक शेरा हमखास ऐकू येतो : ते तर यंत्रच आहे, त्यात माणसाचं काय?

कंपाउंड धनुष्य यंत्र आहे हे खरंच. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यानं १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्याला मिळालं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवायची आणि दोरी त्यांवरून फिरवायची, ही त्याची कल्पना. आजच्या धनुष्यात ही चाकं गोल नसतात. त्यांना कॅम म्हणतात आणि सगळी करामत त्यांच्या वेड्यावाकड्या आकारातच आहे. दोरी ओढायला लागलं की ताण झपाट्यानं चढतो. स्पर्धेत तो जास्तीत जास्त ६० पौंड असू शकतो. खांदा आणि पाठ भरून येते न येते तोच कॅम उलटतात आणि ताण एकदम उतरतो, तीन चतुर्थांशाच्या आसपास कमी होतो. म्हणजे ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात उरतात जेमतेम १५ पौंड. ऑलिम्पिकमध्ये आपण पाहतो त्या रिकर्व्ह धनुष्यात नेमकं उलटं असतं. जितकं ओढाल तितका भार वाढत जातो.

भार उतरला की नेम धरायला उसंत मिळते. दोरीत बसवलेल्या बारीक भोकातून, म्हणजे पीपमधून, पुढच्या भिंगाकडे पाहायचं. भिंगाखालच्या नळीतला बुडबुडा मधोमध आहे का, म्हणजे धनुष्य कलंडलेलं नाही ना, तेही बघायचं. दोरी बोटांनी सोडायची नाही, ती रिलीज नावाच्या छोट्या खटक्यानं सुटते. खरी परीक्षा इथेच आहे. भिंगातून लक्ष्य मोठं दिसतं, तशी हाताची थरथरही मोठी दिसते. भिंगातला ठिपका लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर आला रे आला की अंगठा खटका दाबायला धावतो, आणि असा घाईनं दाबलेला बाण हमखास भरकटतो. मुरलेला तिरंदाज अंगठा जागच्या जागी ठेवतो आणि पाठीचे स्नायू आवळत नेतो. बाण कोणत्या क्षणी सुटणार हे त्याचं त्यालाही नेमकं ठाऊक नसतं. हे अंगी बाणायला वर्षं जातात.

लक्ष्य ५० मीटरवर. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटर व्यासाचं, बशीच्या मधल्या खोलगट भागाएवढं. एकेरी सामन्यात १५ बाण, कमाल १५० गुण. रिकर्व्हमध्ये एक डाव बिघडला तरी पुढच्या डावात पाटी कोरी असते. इथे पहिल्या बाणापासून गुणांची बेरीज चालते, निसटलेला गुण परत येत नाही. हांगझोऊचे आकडेच पाहा. मिश्र सांघिक अंतिम सामन्यात ज्योती आणि ओजस यांनी कोरियाला १५९–१५८ असं हरवलं. १६ बाणांत फक्त एक गुण गमावला, आणि तरी फरक एकाच गुणाचा. महिला संघानं चायनीज तैपेईला २३०–२२९ असं नमवलं. पुरुष एकेरीत ओजसनं आपल्याच संघातल्या अभिषेकवर १४९–१४७ अशी मात केली. माझ्या मते त्या शेऱ्याला हे आकडेच पुरेसं उत्तर आहेत. यंत्र सगळ्यांच्याच हाती होतं. एका नऊवर सुवर्ण गेलं ते माणसामुळे.

त्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये, बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती १७व्या वर्षी विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात तिनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९–१४७ असं हरवलं. त्याच दिवशी ओजसनं १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद जिंकलं. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झाले. उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर त्यांचा सराव चालायचा. अदितीचे वडील शिक्षक आहेत. लाखांच्या घरात जाणारं धनुष्य आणि झिजणारे, मोडणारे बाण यांचा खर्च शिक्षकाच्या पगारातून कसा उभा राहिला असेल, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड प्रथमच येत आहे, पण फक्त मिश्र सांघिक प्रकारात. एका देशाची एकच जोडी. एकेरीचं दार अजून बंदच आहे. ऑलिम्पिकमध्ये नाही म्हणून या खेळाकडे आजवर कानाडोळा झाला, ती सबब आता उरलेली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्रीडा संकुलांनी ५० मीटरची एक सुरक्षित पट्टी आणि होतकरू मुलांना वापरायला चार धनुष्यं तेवढी द्यावीत.