लावणीतील ‘मी’ आणि त्याचे क्रियापद

उत्तर पेशवाईतील राम जोशी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाची गीते लिहिणारे ग. दि. माडगूळकर आणि ‘पिंजरा’चे (१९७२) जगदीश खेबुडकर यांच्यातील साम्य शोधावयाचे म्हटले की, अभ्यासक शृंगाराकडे बोट दाखवून मोकळे होतात. ते साम्य उघडच आहे. त्याहून कमी लक्षात आलेले साम्य क्रियापदाच्या प्रत्ययात आहे.

मराठीत प्रथमपुरुषी ‘मी’ला लिंग नाही, त्याच्या क्रियापदाला मात्र पुष्कळदा असते. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांत बोलणारा कोण, हे एका स्वराने ठरते. लावणीकार पुरुष, लावणीतील ‘मी’ बहुधा स्त्री. तेव्हा कवीने आपला आवाज केव्हा सोडला, हे त्या स्वरावरूनच कळते. परंतु ही सोय सर्व काळांत नाही. ‘मी येईन’ यात लिंग दिसत नाही. ‘मी दार उघडले’ यात क्रियापद दाराच्या मागे जाते, बोलणारीच्या नव्हे. याला अपवाद थोडे. त्यांतला एक मोठा गमतीचा. ‘मी पैठणी नेसले’ या प्रमाण वाक्यात क्रियापद पैठणीला न जुमानता नेसणारीशी जुळते. लावणीत वस्त्रांचे एवढे कौतुक का, याला व्याकरणाचेही थोडे साहाय्य असावे, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

म्हणजे स्त्रीचा ‘मी’ उभा करावयाचा तर वर्तमानकाळ किंवा ‘आले, गेले, लाजले’ अशी अकर्मक रूपे हाताशी असावी लागतात. ही अडचण चौघांपुढेही सारखीच होती. गाणारे मात्र बदलत गेले. जुन्या तमाशात नाच्या पोऱ्या स्त्रीवेषात उभा राही. बापूरावांच्या फडात पवळा होती. पुढे पडद्यावर एक स्त्री आणि ध्वनिमुद्रणात दुसरीच. राम जोशी, बापूराव व माडगूळकर हे ब्राह्मण होते, म्हणून संस्कृत व्याकरणाच्या संस्काराने याचे कारण सांगू पाहणाऱ्याने होनाजीकडे पाहावे. तो जातीने गवळी, रीत तीच.

‘सांगत्ये’ हे रूप येथे विशेष बोलके आहे. चित्रपटाच्या नावात ‘मी’ नाही, तरी सांगणारी स्त्री आहे हे एका प्रत्ययाने कळते. जुन्या लेखनात प्रथमपुरुषी ‘सांगतें’वर अनुस्वार असे, तृतीयपुरुषी ‘सांगते’वर नसे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि छापील पानावर ‘मी’ व ‘ती’ यांची रूपे एक झाली. आज लावणीचा छापील पाठ वाचताना, सर्वनाम गाळलेले असेल तर नायिका स्वतःविषयी बोलते की सखीविषयी, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. जुन्या प्रतींवरून पाठ सिद्ध करणाऱ्याने म्हणून अनुस्वार पुसू नयेत.

माडगूळकरांनी हेच रूप शृंगाराबाहेरही नेले. ‘गीतरामायणा’त (१९५५–५६) सीता, कौसल्या, शबरी स्वतःच्या तोंडाने गातात, आणि तेथेही व्याकरण लावणीचेच आहे.