साखळी, पार्सेक आणि फर्मी

"आबा, एक पार्सेक म्हणजे एकतीस फर्मी," असं म्हणत नातीनं वही पुढं सरकवली. अकरावीला आहे, तळेगावला कॉलेज, संध्याकाळच्या लोकलनं कामशेतला उतरते. पार्सेक हे ताऱ्यांची अंतरं मोजायचं माप, फर्मी अणूच्या गाभ्यातलं. पार्सेकमध्ये मीटर किती? ३.०८६ गुणिले १० चा १६ वा घात. आणि एका मीटरात फर्मी १० चा १५ वा घात. पोरीनं सोळातून पंधरा वजा करून टाकले होते.

मी हसलो नाही. कोणत्या तोंडानं हसणार? जन्म गेला जमीनमोजणीत. जुनी टिपणं साखळी-आण्यांतली: ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. नवा हिशेब हेक्टर-आरचा. गुंठा साधारण एक आर आणि शंभर आरांचा हेक्टर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माळवलीकडच्या एका भातखाचराचे १२ आर मी हेक्टरच्या रकान्यात लिहिले. म्हातारा खातेदार कागद वाचून घेऊन म्हणाला, "सायेब, येवढी जमीन आस्ती तर तुमाला आनाया बैलगाडी धाडली आस्ती व्हय?" तेव्हापासून साखळी टाकायच्या आधी शेत पावलांनी चालून बघायची सवय लागली ती लागलीच.

"अगं, आधी चालून बघ," मी तिला म्हटलं. प्रोटॉनची रुंदी १.७ फर्मी. अख्खा अणू लाखभर फर्मी. एकतीस फर्मीत अणूसुद्धा मावायचा नाही, तारे कुठले? माप जेवढं बारीक तेवढा आकडा मोठा. म्हणून इथं गुणायचं, घात मिळवायचे. १६ अधिक १५. उत्तर ३.०८६ गुणिले १० चा ३१ वा घात. गंमत बघा, तिचा एकतीस उत्तरात होताच, फक्त रकाना चुकलेला.

पार्सेक मला आमच्याच धंद्यातलं माप वाटतं. लोकल कामशेत सोडते तेव्हा रुळाकाठचे खांब सटासट मागं पळतात, लोहगड-विसापूर मात्र सावकाश सरकतात. जे लांब ते कमी सरकतं. प्लेन टेबलवर आम्ही हेच करायचो: मोजलेल्या रेषेच्या एका टोकावरून देवळाच्या कळसाचा वेध घ्यायचा, मग दुसऱ्या टोकावरून, कागदावर दोन रेघा जिथं कापतात तिथं कळस. बेसेलनं १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याचं सरकणं असंच मोजलं. त्याच्या रेषेची टोकं म्हणजे कक्षेतली पृथ्वीची वेगवेगळी ठिकाणं. सूर्य-पृथ्वी अंतर जिथून एक विकला दिसेल, तेवढं लांब म्हणजे एक पार्सेक, ३.२६ प्रकाशवर्षं. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग: अडीच सेंटिमीटरचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं तर दिसेल तेवढीशी.

एवढ्या शून्यांना नावं आपल्याकडं पूर्वीपासून आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १० चा १५ वा घात म्हणजे अंत्य, १६ वा म्हणजे मध्य. मीटरात फर्मी एक अंत्य, प्रकाशवर्षात मीटर जेमतेम एक मध्य. म्हणजे आमची मीटरची काठी दोन्हींच्या जवळजवळ मधोमध उभी.

"पण तारा आणि प्रोटॉन एका कागदावर आणायचे कशाला?" तिनं विचारलं. रास्त प्रश्न. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपायचं यंत्र उभं राहायचंय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. अमेरिकेतल्या तसल्याच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली गुरुत्वीय लहर टिपली. तेव्हा भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता. आम्ही बांधावर वीतभर इकडंतिकडं झालं तरी चालवून घेतलंय.

जेवणं झाल्यावर तिनंच नवं कोडं आणलं. बार्न हे अणुकेंद्राच्या आडव्या छेदाएवढ्या क्षेत्रफळाचं माप: १० चा उणे २८ वा घात चौरस मीटर. बार्न म्हणजे धान्याचं कोठार. शास्त्रज्ञांनी गमतीनं ठेवलेलं नाव, कारण इवल्याशा कणाला तेवढा नेम म्हणजे कोठारच. एवढ्या जाडीचा धागा दहा लाख पार्सेक ओढला तर भरेल किती? मी गप्प बसलो. तिनं बोटं मोजली, २२ उणे २८, उणे सहा. तीन मिलिलिटर आणि वर थेंब-दीड थेंब!

खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन तिनं अडीचच्या रेघेच्या जरा वर पाणी ओतलं, दिव्यासमोर धरून बघितलं, आणि पिऊन टाकलं.