घरचा ताप आणि पेढीचे कर्तव्य

आवक-जावक म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास निराळे शिकवावे लागत नाही. कोणत्या गावचा माल कोणत्या वाटेने आला आणि कोणाच्या हाती गेला, याची नोंद त्याच्या वहीत असते. परंतु मालाच्या गाड्यांबरोबर आणि उतारूंबरोबर आणखी एक जिन्नस आपल्या दारी येतो व त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. तो जिन्नस म्हणजे इन्फ्लुएंझाचा ताप.

जून १९१८ मध्ये ही साथ मुंबई बंदरात प्रथम दिसून आली. पहिली लाट सौम्य होती, दुसरी मात्र प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आगगाडीच्या मार्गांनी साथ देशभर गेली आणि खेड्यापाड्यांनी तिला ‘मानमोडी’ हे नाव दिले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्यात सुमारे १० लाख माणसे दगावली. मृतांत २० ते ४० वयाची धट्टीकट्टी माणसे अधिक होती, आणि पुरुषांहून स्त्रिया अधिक. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. घासातला घास इतरांस देऊन आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी घरची स्त्रीच होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे.

पुढे मे १९५७ मध्ये साथ सिंगापूरहून जहाजाने मद्रासला उतरली. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि पुण्याहून निघालेला हमरस्ता निपाणी-बेळगाववरूनच पुढे बंगळुरूस जातो. तात्पर्य, जी व्यापाराची वाट तीच साथीचीही वाट होय.

आता ही साथ घरात कशी शिरते ते पाहू. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून, किंबहुना बोलण्यातूनही, विषाणूयुक्त सूक्ष्म तुषार हवेत उडतात. काही जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातात, काही कोंदट खोलीत तरंगत राहतात. दूषित हात नाकाडोळ्यांस लागूनही रोग जडतो. संसर्गानंतर साधारण १ ते ४ दिवसांत ताप भरतो. परंतु मौज अशी की, ताप दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो मनुष्य दुसऱ्यास रोग देऊ शकतो, आणि पुढेही पाच ते सात दिवस देत राहतो. मुलांच्या बाबतीत ही मुदत अधिक लांबते. म्हणूनच शाळेतून मुलाने आणलेला ताप आजीच्या अंथरुणापर्यंत पोहोचला तरी घरास पत्ता लागत नाही. मुलास तो चार दिवसांचा पाहुणा, आजीस मात्र न्यूमोनियाचे निमित्त!

हीच गोष्ट पेढीची. बेळगावच्या रविवार पेठेतील दुकान असो की निपाणीतील तंबाखूची वखार, माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. वखारीत तर धुळीच्या ठसक्याने प्रत्येकजण खोकतच असतो. त्यात तापाचा खोकला कोण वेगळा ओळखणार? शिवाय रोजंदारीवरील बाई ताप अंगावर काढून कामावर येते, ती हौसेने नव्हे. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची चूल अडते. तिला मजुरी न कापता घरी बसू देणे हा धर्मादाय नव्हे, तो रोखठोक हिशेब आहे. एका माणसाची चार दिवसांची मजुरी वाचवावी आणि दहा माणसांचे काम आठवडाभर बंद पडावे, असा सौदा कोणता शहाणा व्यापारी करील?

उपाय साधे आहेत. आजाऱ्यास शक्य तर स्वतंत्र, हवेशीर खोली द्यावी. शुश्रूषा एकानेच करावी, दोघांनीही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि हात साबणाने धुवावेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. विषाणू रूप पालटीत असल्याने लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. वृद्ध, गर्भवती, मधुमेही व दमेकरी यांनी त्याविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. धाप लागल्यास किंवा उतरलेला ताप पुन्हा चढल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्या गृहिणीच्या ताटाकडे व विश्रांतीकडे घरातील पुरुषांनी लक्ष द्यावे. १९१८ सालचे ते देणे अजून फिटावयाचे आहे.