‘सत्य घटनांवर आधारित’ : एका चित्रपटातील पुराव्यांचा विचार

चित्रपटाच्या आरंभी ‘ही कथा सत्य घटनांवर आधारलेली आहे’ अशी पाटी झळकली, की प्रेक्षक आणि चित्रपट यांच्यातील नाते पालटते. कल्पित कथा पाहताना प्रेक्षक कथेपुरता तिच्यावर विश्वास ठेवतो आणि दिवे लागले की तो विश्वास परत घेतो. सत्य म्हणून सांगितलेली गोष्ट मात्र तो घरी घेऊन जातो, चार जणांना सांगतो, आणि पुढे कधीतरी ‘असे तिकडे घडले आहे’ असा तिचा दाखलाही देतो. ही पाटी म्हणजे एक प्रतिज्ञा होय, आणि प्रतिज्ञा आली की तिच्या पाठोपाठ हेतू व प्रमाण यांची विचारणा येणारच. प्रस्तुत लेखात ही विचारणा एकाच चित्रपटाच्या संदर्भात करावयाची आहे.

तो चित्रपट म्हणजे ६ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द फोर्थ काइंड’. युनिव्हर्सल पिक्चर्सने वितरित केलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक ओलातुंदे ओसुनसान्मी असून प्रमुख भूमिका मिला योवोविच हिची आहे. चित्रपटाच्या नावाचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. अमेरिकी हवाई दलाच्या उडत्या तबकड्यांविषयीच्या तपासात सल्लागार असलेले खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा निकट दर्शनांचे तीन प्रकार कल्पिले होते : तबकडी जवळून दिसणे हा पहिला, तिने जमिनीवर वा वस्तूंवर खूण ठेवणे हा दुसरा, आणि तिच्यातील प्राणी दिसणे हा तिसरा. १९७७ सालच्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटाचे नाव या तिसऱ्या प्रकारावरूनच पडले. चौथा प्रकार, म्हणजे माणसाचे अपहरण, हायनेक यांच्या वर्गीकरणात नाही. तो मागाहून इतरांनी जोडला. एका शास्त्रज्ञाच्या कोष्टकाला पुढे एक रकाना वाढवला, की त्या रकान्यालाही शास्त्राचे वजन आपोआप प्राप्त होते. आपल्या चित्रपटाची पुराव्याची पद्धत त्याच्या नावातच अशी सामावलेली आहे.

कथा अलास्कातील नोम या गावी घडते. ॲबिगेल टायलर नावाची मानसतज्ज्ञ निद्रानाशाच्या रुग्णांवर उपचार करीत असते. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि खिडकीत एक पांढरे घुबड टक लावून पाहत असते, असे रुग्णामागून रुग्ण तिला सांगतात. संमोहनाखाली त्यांना घुबडाच्या जागी दुसरेच काही आठवू लागते आणि ते भयाने किंचाळतात. एक रुग्ण आपल्या कुटुंबाचा घात करून स्वतःचाही शेवट करतो. ध्वनिफितीवर एक अमानुष आवाज उमटतो आणि तो प्राचीन सुमेरी भाषेत बोलतो असे एक पंडित ठरवितो. अखेर टायलरची लहान मुलगीच नाहीशी होते.

एवढ्यावर भागले असते, तर हा एक बऱ्यापैकी भयपट ठरला असता. परंतु पहिल्याच दृश्यात योवोविच प्रेक्षकांसमोर येऊन स्वतःच्या नावानिशी सांगते, की आपण एका खऱ्या स्त्रीची भूमिका करीत आहोत आणि प्रसंगांना प्रत्यक्ष चित्रफितींचा आधार आहे. पुढे पडदा वारंवार दुभागतो : एका बाजूस नटांनी वठवलेला प्रसंग, दुसऱ्या बाजूस त्याच प्रसंगाची ‘मूळ’ फीत. एका विद्यापीठात ‘खऱ्या’ टायलरची मुलाखत घेताना दिग्दर्शक स्वतःही दिसतो.

या योजनेतील चातुर्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या सत्यकथापटात नट आणि वास्तव यांची तुलना प्रेक्षकाला मनातल्या मनात करावी लागते. येथे दोन्ही त्याच्या समोरच ठेवली आहेत. डावी बाजू रंगवलेली, देखणी व प्रकाशयोजनेने सजलेली आहे, म्हणूनच उजवी बाजू, जी धूसर, वाकडीतिकडी आणि अनाकर्षक आहे, ती खरी भासते. एकीकडे उघड खोटे मांडून ठेवले की त्याच्या शेजारचे लपलेले खोटे सत्य म्हणून खपते. वस्तुतः दोन्ही बाजू एकाच निर्मात्याने रचल्या होत्या. ‘मूळ’ फितीतील टायलर ही शार्लट मिल्चर्ड नावाची अभिनेत्री होती. त्यातच असेही दिसून येते, की ज्या क्षणी काही पाहावयास मिळणार, नेमक्या त्याच क्षणी फितीवर रेघा उमटतात व चित्र विस्कटते. साक्षीदार महत्त्वाच्या प्रश्नालाच घेरी येऊन पडू लागला, तर न्यायाधीशाने काय समजावे?

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे. मात्र ते वाक्य आप्ताचे असले पाहिजे. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणारा. या चित्रपटाने घटना निर्माण केल्या यात नवल नाही, तो कथाकाराचा हक्कच आहे. त्याने आप्तही निर्माण केले, हे नवल. चित्रपट येण्याच्या थोडे आधी महाजालावर अलास्कातील मानसचिकित्सेच्या एका नियतकालिकाचे म्हणून एक संकेतस्थळ उभे राहिले आणि त्यावर टायलरबाईंचा परिचय आला. अलास्कातील खऱ्या वृत्तपत्रांच्या नावांवर खोट्या बातम्या रचल्या गेल्या. त्यांत टायलरच्या पतीच्या मृत्यूची वार्ताही होती. अँकरेज येथील वृत्तपत्राने चौकशी केली, तेव्हा राज्याच्या परवान्यांच्या नोंदींत अशी कोणी मानसतज्ज्ञ आढळली नाही.

नोम हे गाव तरी पडद्यावर खरे आहे काय? बेरिंग समुद्राच्या काठी, १८९८ साली सोने सापडल्यानंतर वसलेले हे सुमारे साडेतीन हजार वस्तीचे गाव जवळजवळ वृक्षहीन अशा सपाट, गोठलेल्या भूमीवर आहे. चित्रपटात ते उंच डोंगरांच्या आणि गर्द झाडीच्या कुशीत दिसते, कारण चित्रण बल्गेरियात आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात झाले. सुमेरी भाषेविषयीही एक शब्द लिहिणे भाग आहे. ती बोलीभाषा म्हणून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लोपली. तिचे उच्चार आज आपणांस कळतात ते बव्हंशी अक्कादी लेखनाच्या द्वारे, अनुमानाने. खरखरणाऱ्या फितीवरील दोन-चार आवाज ऐकून ती ओळखणारा पंडित भाषाशास्त्राच्या कोणत्याही विभागास हेवा वाटावा असाच म्हटला पाहिजे.

रुग्णांच्या अनुभवांची गोष्ट वेगळी आहे. ते अनुभव चित्रपटाने शून्यातून निर्माण केलेले नाहीत. झोपेच्या ज्या अवस्थेत स्वप्ने पडतात तीत शरीराचे स्नायू शिथिल होऊन जणू बांधलेले असतात. कधी कधी मन जागे होते आणि शरीराची ही बद्धावस्था काही क्षण तशीच राहते. डोळे उघडे असतात, हात हलत नाही, छातीवर भार वाटतो, खोलीत कोणीतरी उभे आहे अशी निःसंशय जाणीव होते. न्यूफाउंडलंडमध्ये याच अनुभवाला चेटकी म्हातारी छातीवर बसणे म्हणत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्या जागी परग्रहवासी आले. अनुभव तोच राहिला, त्याचे नाव मात्र त्या त्या समाजाने पुरविले.

हे नाव पुरविण्याच्या कामी संमोहनाचा मोठा वाटा आहे. बेटी व बार्नी हिल या न्यू हॅम्पशरमधील दांपत्याने १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री प्रवासात एक विचित्र प्रकाश पाहिला, आणि नंतर त्यांना प्रवासातील सुमारे दोन तासांचा हिशेब लागेना. अपहरणाची सविस्तर कथा उभी राहिली ती १९६४ साली बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी केलेल्या संमोहनात. बार्नी यांनी त्या वर्षी २२ फेब्रुवारीच्या बैठकीत वर्णिलेले विलक्षण डोळे, त्यापूर्वी बाराच दिवस आधी ‘द आउटर लिमिट्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत दिसलेल्या एका परग्रहवासीयाच्या डोळ्यांशी जुळतात, हे एका अभ्यासकाने पुढे दाखवून दिले. बेटी यांनी ती मालिका ठाऊक असल्याचे नाकारले, हेही नमूद केले पाहिजे. तथापि खुद्द सायमन यांचे मत असे होते, की ही कथा बेटींच्या स्वप्नांतून आली आणि त्यांच्याकडून ऐकून बार्नींच्या मनात उतरली. १९६६ साली या प्रकरणावर पुस्तक निघाले, १९७५ साली दूरचित्रवाणीपट निघाला, आणि अपहरणकथेचा साचा तयार झाला. संमोहनाने जागविलेली स्मृती साध्या स्मृतीहून अधिक विश्वसनीय नसते, उलट चुकीच्या आठवणीविषयीही माणसाची खात्री वाढते, असा इशारा अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ साली दिला होता. चौथ्या प्रकाराच्या चित्रपटात मात्र संमोहन हे सत्याचे दार उघडणारी किल्लीच आहे.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. अपहरणाची आठवण सांगणारी माणसे लबाड असतात असे मुळीच नाही. हार्वर्डचे रिचर्ड मॅक्नॅली आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा व्यक्तींना त्यांचीच हकीकत ऐकविली असता त्यांच्या हृदयाची गती व त्वचेच्या प्रतिक्रिया खऱ्या आघातातून गेलेल्या माणसांसारख्याच वाढल्या. घटना घडली नसली तरी वेदना घडते. अशा माणसांविषयी सहानुभूती बाळगणारा चित्रपट आम्हांस पाहावयास आवडला असता.

आता या प्रकरणाचा सर्वांत गंभीर भाग. नोममध्ये माणसे खरोखरच नाहीशी झाली होती, आणि चित्रपटाने आपली इमारत त्याच जोत्यावर चढविली. १९६० च्या दशकापासून २००४ पर्यंतच्या अशा २४ मृत्यूंचा व बेपत्ता होण्याचा तपास अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने हाती घेतला. यांतील बहुतेक जण त्या प्रदेशातील मूळ रहिवासी होते. आसपासच्या खेड्यांतून ते कामानिमित्त, खरेदीसाठी वा दारूसाठी नोमला येत, कारण अनेक खेड्यांत दारूबंदी आहे. कोणी मारेकरी लागोपाठ खून पाडीत असावा, अशी कुटुंबीयांची शंका होती. ती शंका निराधार वाटू नये असे घडलेही होते : २००३ साली नोमच्याच एका पोलीस शिपायाने एका तरुण मूळनिवासी स्त्रीचा खून केला व पुढे तो दोषी ठरला. ज्यांच्याकडे तक्रार न्यावयाची तेच संशयित, अशी त्या कुटुंबांची स्थिती होती. तपासाचा निष्कर्ष असा निघाला, की अनेक मृत्यूंच्या मुळाशी अति मद्यपान आणि जीवघेणा हिवाळा आहे. एका माथेफिरू खुन्याचा पुरावा मिळाला नाही. नऊ जणांचे मृतदेह मात्र सापडलेच नाहीत.

या हकीकतीत दारिद्र्य आहे, व्यसन आहे, वंशभेदाची कटुता आहे, थंडी आहे. चित्रपटाने यांतले काहीही घेतले नाही, फक्त रिकाम्या जागा घेतल्या आणि त्या भरावयास आकाशातून पाहुणे आणले. ज्या आईचा मुलगा हिमात हरवला, तिला चित्रपटगृहाबाहेर लावलेले ‘सत्य’ वाचून काय वाटले असेल, हा प्रश्न पुराव्याच्या शास्त्रात बसत नाही, परंतु तो सुटतही नाही. नोममधील मृतांच्या नातेवाइकांनी त्या वेळी आपला संताप उघड बोलून दाखविला होता.

खोट्या बातम्यांविरुद्ध अलास्का प्रेस क्लब व तेथील वृत्तपत्रांनी तक्रार नेली. नोव्हेंबर २००९ मध्येच तडजोड झाली. युनिव्हर्सलने प्रेस क्लबला २०,००० डॉलर आणि एका शिष्यवृत्ती निधीला २,५०० डॉलर देण्याचे व त्या बातम्या काढून टाकण्याचे मान्य केले. चित्रपटाने जगभरात सुमारे पावणेपाच कोटी डॉलर मिळविले. बातम्या निघाल्या, चित्रपटाच्या आरंभीचे ते निवेदन मात्र आजही जसेच्या तसे आहे.