टक्के झकास, पण कोड येतो का?

तुमच्या ऑफिसात ‘नांदेड-लातूरचं कोण आहे रे?’ असं विचारून बघा. एखादा तरी हात नक्की वर येईल. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं गाठून हिंजवडीत शिरलेली ही मंडळी. पण त्या गेटाच्या आत यायला किती चाळण्या पार कराव्या लागतात, ते त्यांनाच ठाऊक!

आणि चाळणी धरणाऱ्यांचं काय? माझी एचआरमधली मैत्रीण वैतागलेली असते. जागा थोड्या, रेझ्युमेंचा ढीग, आणि सगळे रेझ्युमे जुळ्या भावांसारखे.

मग पहिली चाळणी टक्क्यांची. दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, तिन्हीकडे ६०च्या वर हवेत. ढीग पटकन कमी होतो, म्हणून फ्रेशर्सच्या भरतीत हा फंडा वर्षानुवर्षं चालत आला. पण टक्के कसे काढायचे, हे लातूरकरांना कुणी शिकवावं? राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांमुळे गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे सराव, सराव आणि पुन्हा सराव. त्याने कित्येक घरांचं नशीब पालटलं, हे शंभर टक्के खरं. पण सरावाने मिळालेले मार्क वेगळे आणि कधीच न पाहिलेला बग शोधायची नजर वेगळी.

दुसरी चाळणी इंग्रजीची. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१पासून सरकारी मदतीवर चालणारं गुरु गोबिंद सिंघजी इंजिनीअरिंग कॉलेज आहे, लातुरात बिडवे कॉलेज आहे. अशा कॉलेजांत मराठी मीडियमची पोरंही येतात. लॉजिक पक्कं असलेला पोरगा ‘टेल मी अबाऊट युअरसेल्फ’वर अडखळला की संपलं!

तिसरी चाळणी कोडची. २००७मध्ये इम्रान घोरी या प्रोग्रॅमरने ‘फिझबझ’ हा सोप्पा प्रश्न सुचवला. १ ते १०० आकडे छापायचे. ३ने भाग गेला तर ‘फिझ’, ५ने गेला तर ‘बझ’, दोन्हींनी गेला तर ‘फिझबझ’. भल्याभल्या डिग्रीवाल्यांची यात दांडी उडते, असा त्याचा अनुभव होता. आता तर याचंही उत्तर पाठ करता येतं, आणि ऑनलाइन टेस्टमध्ये एआयला विचारता येतं.

म्हणून खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे. ‘आता ३च्या जागी ७ घे. काय बदलेल? का?’ समोर बसून, बोलत बोलत. पाठांतर तिथे उघडं पडतं आणि डोकं दिसतं.

चुकीचा माणूस आत आला तर टीमच्या रात्री जातात. योग्य माणूस बाहेर राहिला तर गावाकडे एज्युकेशन लोनचा हप्ता थकतो. तेव्हा पुढच्या वेळी पॅनलवर बसलात आणि समोरचा इंग्रजीत अडखळला, तर एवढंच म्हणा, ‘बरं, मराठीत सांग.’